आत जनावरं किती?

शनिवारी दिवस कलता कोणतीही बंद गाडी सांगोल्यात शिरली, की तिला एकच प्रश्न विचारला जातो: "आत जनावरं किती हायती?" आमच्या गाडीत त्या दिवशी दोन अरुंद पलंग होते, कमरेएवढा ओटा, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी आणि आम्ही चौघे. बाजाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका आबांनी काच खाली घ्यायला लावली, आत नजर फिरवली आणि मागे वळून कुणाला तरी सांगितले, "माणसंच हायती, दुसरं काय न्हाय." त्यानंतर त्यांना आमच्यात रस उरला नाही.

कोल्हापूरहून मिरजमार्गे सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ सांगोला आणि मंगळवेढा ही दोन गावे घेऊन जातो. मित्राने व्हॅनमागे घर बांधून घेतले होते आणि त्याला ते वापरून पाहायचे होते. मुक्काम सांगोल्यात करायचा असे काही ठरले नव्हते. अंधार पडत आला, भूक लागली, आणि पुढच्या-मागच्या प्रत्येक टेम्पोत शिंगे दिसू लागली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारचा, आणि त्याची जमवाजमव आदल्या संध्याकाळपासूनच सुरू होते.

चाकांवरच्या घराला कॅम्परव्हॅन म्हणतात, सरकारी कागदात कॅरॅव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ते वाचले तर त्यात मुख्य चिंता गाडीची नाही, गाडी उभी करायच्या जागेची आहे. पाणी, वीज, स्वच्छतागृह, सांडपाण्याची सोय आणि सुरक्षितता असलेला तळ हवा, असे त्यात म्हटले आहे. हे बरोबरच आहे. गाडी पैसे टाकले की मिळते, तळ मिळत नाही. आमच्याकडे फिरते घर असूनही ते टेकवायला जागा नव्हती, आणि सगळ्या गावात त्या रात्री नेमके तेच काम करणारे शेकडो लोक होते. कुणी टेम्पोच्या हौद्यात, कुणी दावणीशेजारी पोत्यावर, कुणी ट्रकच्या टपावर अंथरूण टाकत होता. धोरणात ज्या सोयी लिहिल्या आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन म्हणजे पाणी आणि उजेड इथे होत्या. तिसरीबद्दल न बोललेले बरे.

गाडी कुठे लावायची हे आम्हाला कळत नव्हते. मोठ्या बाभळीखाली जागा मोकळी होती, म्हणून मित्राने तिकडे वळवली. लगेच दोघे-तिघे ओरडत आले. बाभळीखाली गाडी लावायची नसते. एवढी सावलीची जागा या गर्दीत मोकळी का आहे, हा विचार आम्ही करायला हवा होता. वाळलेला काटा टायरमधून सहज जातो. मग त्यांनीच आम्हाला चढावरची मुरमाची जागा दाखवली. जनावरे चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यापासून लांब, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला. पहाटे अडीचला धक्क्यावर टेम्पो लागायला लागले आणि शेणाचा वास दुसऱ्या दिशेने निघून गेला, तेव्हा या दोन्ही सूचनांचे मोल समजले. मुक्काम टाकणे ही विद्या आहे आणि ती या मुलखात फार जुनी आहे.

आधी बाजार सांगतो, कारण तो पाहायला मिळणे हे या मुक्कामाचे खरे फळ.

उजाडले तेव्हा बाजाराचे मोहल्ले पडलेले होते. एकीकडे काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन आणि तांबूस जर्सी संकरित गाई. तिथे गिऱ्हाइकाची नजर कासेवर. दुसरीकडे म्हशी, आणि त्यांत पंढरपुरी म्हैस लांबूनच ओळखू येते. तिची शिंगे तलवारीसारखी मागे जातात, खांद्याच्याही पलीकडे. अंग बेताचे, पण उन्हाला आणि कोरड्या वैरणीला चिवट. कोल्हापुरात रस्त्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची जी पद्धत आहे, तीत याच जातीचा मोठा वाटा. शेळ्या-मेंढ्यांचा भाग वेगळा आणि तिथला गलका सगळ्यात जास्त. पण तरण्या पोरांचा घोळका, मोबाइल उंच धरलेले हात आणि कुजबुज जिथे होती, तो कोपरा खिल्लारांचा.

खिल्लार हा शब्दच फिरस्तीचा आहे. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप, आणि खिल्लारी म्हणजे तो राखणारा. कळपाचे नाव जातीला मिळाले. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-बेळगाव हा तिचा मुलूख. जाणकार तिला म्हैसूरकडच्या हल्लीकर आणि अमृतमहल या गुरांच्या गोतातली मानतात. अमृतमहल म्हणजे टिपू सुलतानाच्या तोफा आणि रसद ओढणारी गुरे. खिल्लारी कळप चारत चारत उत्तरेकडे सरकले आणि भीमा-माणच्या खोऱ्यात स्थिरावले, असा अंदाज आहे. जातीच्या जुन्या वर्णनांत तिचे चार पोटभेद दिलेले असतात. सातारा-सोलापूरकडची म्हसवड खिल्लार. औंध संस्थानच्या आटपाडी महालावरून नाव मिळालेली आटपाडी महाल. खानदेशातली तापी किंवा थिल्लारी. आणि नकली खिल्लार. हे नकली नाव कुणाच्या तरी फटकळ तोंडातून आले असणार. ज्या भागात ही जात मुळातली नव्हती, तिथे तयार झालेल्या जनावरांना ते चिकटले.

खिल्लार ओळखायची शिंगांवरून. दोन्ही शिंगे बुडाशी अगदी जवळ उगवतात, निम्म्या लांबीपर्यंत मागे जातात आणि मग धनुष्यासारखी वळून वर चढतात. अंग दंडगोलासारखे ताठ, कातडी अंगाला घट्ट, वशिंड आटोपशीर. रंग पांढरा ते राखाडी, बैलाच्या खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर तो गडद होत जातो. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या डोक्यावर मात्र तांबूस गंजासारखा ठिपका असतो आणि तो दोन-तीन महिन्यांत जातो. मी हे वाचलेले होते, पण एका गाईच्या पायाशी लपलेले वासरू पाहिल्याशिवाय खरे वाटले नव्हते.

दूध? ते विचारायचे नसते. खिल्लार गाय संकरित गाईच्या पासंगालाही पुरत नाही, आणि हौशी माणसाच्या दावणीला तिचे होते तेवढे सगळे दूध खोंडाच्या पोटात जाते. ही जात दुधासाठी घडलेलीच नाही. ती चालीसाठी घडली.

चालीची गरज इथे का पडली, याचे उत्तर जमिनीत आणि पावसात आहे. सह्याद्री ढग अडवतो आणि इथे उरलेसुरले पोचते, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेही बरेचसे परतीच्या पावसाचे. मंगळवेढ्याचे काळे खोल रान ओल धरून ठेवते, म्हणून इथली मुख्य ज्वारी रब्बीची. भाद्रपद-आश्विनात पाऊस उघडला, की जमीन वाफशावर येते. चिखल पायाला चिकटत नाही आणि ओल अजून आहे, अशी ती चार-आठ दिवसांची मुदत. तेवढ्यात तिफण फिरली नाही तर ओल उडते आणि दाणे कोरड्यात पडतात. सावकाश चालणाऱ्या थोराड बैलजोडीपेक्षा झपाझप तास काढणारी जोडी अशा जागी जास्त रान पेरते. पंप येण्याआधीच्या काळात विहिरीवरची मोट होती. भरली मोट ओढत धावेवरून उतरायचे, रिकामी झाली की उलटे मागे सरकायचे, दिवसभर. आणि वर गाडीवाट. मला वाटते, खिल्लारच्या चपळाईचे कौतुक आपण शर्यतीवरून करतो ते उशिराचे आहे. तिला आधी वाफशाने पळायला शिकवले.

हीच ज्वारी जनावराचे पोटही भरते. माणूस कणीस खातो, ताट जनावराला. त्या वाळल्या ताटाचा कडबा पेंडीत बांधतात आणि शेकड्यावर विकतात. इथली मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. तिचे एम ३५-१ हे वाण याच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडले गेले आणि पुढे दख्खनभर पेरले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण मालदांडी शेतकऱ्याच्या मनात का टिकली, हे विचारले तर भाकरीइतकाच कडब्याचा उल्लेख येतो. उंच, गोड, जनावर आवडीने खाते असा कडबा. बुटके संकरित वाण दाणे जास्त देतात, पण दावणीचे काय?

बाजारात वय दातांवरून काढतात. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते. खाली आठ असतात. दुधाचे दात असेपर्यंत जनावर आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचे झाले की मधली जोडी पडून पक्के दात येतात, मग ते दोनदाती. पुढे चारदाती, सहादाती, आणि साडेचार-पाचच्या सुमाराला आठही दात आले की जुळले. बघणारा एका हाताने नाक धरतो, दुसऱ्या हाताने ओठ खाली ओढतो. सगळे दोन सेकंदांत. खिल्लार तापट जनावर. अनोळखी हाताला ते मान झटकते आणि शिंग कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम नवख्याने करू नये. आमच्यातल्या एकाने करून पाहिले आणि त्याचा चष्मा शेणात शोधावा लागला.

दातांनंतर भोवरे. अंगावरच्या केसांची वळणे कुठे पडली आहेत, यावर जनावर लाभाचे की घाताचे ते ठरते. केसांची अशीच एक उभी रेघ गोमेसारखी वळलेली असली, तर तिला गोम म्हणतात आणि ती अशुभ. विकणारा ती दडवायला बघतो, घेणारा हुडकायला. "यात काहीतरी गोम आहे" असे आपण शहरात बसून म्हणतो, तेव्हा कुठल्या तरी जनावराच्या पाठीवरून हात फिरवत असतो. शास्त्राला या समजुतीत तथ्य सापडत नाही. बाजाराला त्याने फरक पडत नाही. गोम असलेल्या खोंडाची किंमत खाली येते, एवढे सत्य त्याला पुरते.

मग सौदा. हेडे म्हणजे जनावरांचे व्यापारी. त्यांचा सौदा अजूनही पुष्कळदा टॉवेलाखाली होतो. दोघे हात मिळवल्यासारखे करतात, वर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि आत बोटे धरून आकडा सांगतात. किती बोटे धरली, कशी दाबली यावरून आकडा कळतो; तो हजारात की दहा हजारांत, हे जनावर बघूनच दोघांना ठाऊक असते. चारचौघांत किंमत फुटत नाही. घेणाऱ्याने कमी सांगितले तर विकणाऱ्याचा अपमान भर बाजारात होत नाही, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला तोच भाव मागता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला फक्त चेहरे दिसतात. एकाचा निर्विकार, दुसऱ्याचा दुखावलेला, आणि दोन्ही खोटे. सौदा पटला की इसार हातावर पडतो, कासरा हातातून हातात जातो आणि पावती फाडली जाते.

अलीकडे एक तिसरी गोष्ट तपासतात. कानातला पिवळा बिल्ला. बारा अंकी क्रमांकाचा हा बिल्ला जनावराचे आधार कार्ड समजायचे. लसी, मालक, गाव सगळे त्या क्रमांकावर नोंदलेले असते, आणि २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करू नये असा राज्याचा आदेश आहे. त्यामागे २०२२ ची आठवण आहे. लम्पी त्वचारोगाने त्या वर्षी राज्यातले जनावरांचे बाजार बंद पाडले होते. माशा, गोचीड आणि डासांमार्फत पसरणारा रोग. रात्री वेगवेगळ्या जिल्ह्यांतली हजारो जनावरे अंगाला अंग लावून बांधायची आणि सकाळी पुन्हा चौफेर पाठवायची, यापेक्षा त्याला सोयीची जागा कोणती? फिरता मुक्काम माणसाला जितका लाभतो तितकाच रोगालाही लाभतो.

सांगोल्याचा बाजार आठवड्याचा, पण या पट्ट्यातले मोठे बाजार देवाच्या पंचांगावर चालतात. सोलापूर शहरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांच्या सात काठ्या खांद्यावर घेऊन अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते आणि त्याच दिवसांत विजापूर रस्त्यावर रेवणसिद्धेश्वराजवळ जनावरांचा बाजार बसतो. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीच्या पालखीतळावर, चैत्रात आणि पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या दारी, मार्गशीर्षात म्हसवडला रथाच्या वेळी. सुगी, सण आणि जनावर यांची वेळ एकमेकांत अशी बसवलेली आहे की पिके निघालेली असतात, हातात चार पैसे असतात, कडबा नवा असतो आणि रात्र थंड असते. कॅम्परव्हॅनने सोलापूर जिल्ह्यात यायचे असेल तर कार्तिक ते माघ यावे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या डब्यात झोपणाऱ्याने तेव्हा फिरकू नये.

आमच्या गाडीत संध्याकाळी शिजवायचे ठरले होते. शेगडी पेटवायची वेळच आली नाही. शेजारच्या टेम्पोवाल्यांनी फडकी सोडली. त्यांत कडक भाकरी होती, पापडासारखी पातळ, ठणठणीत वाळवलेली, आठवडाभर न बिघडणारी. सोबत शेंगाची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. ना गरम करायची गरज, ना फ्रिजची. फिरत्या माणसाचा याहून नेटका डबा मी पाहिलेला नाही, आणि आमच्या गाडीतला अठ्ठेचाळीस लिटरचा फ्रिज त्या रात्री मला जरा मूर्ख वाटू लागला.

पण ज्यांच्यासाठी हा सगळा थाट उभा राहिला, त्या बैलाचे काम गेले आहे. मोटेच्या जागी पंप आला, तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र. उजनी धरणाचे पाणी आल्यावर भीमेकाठ उसाने भरला, जिल्हा साखर कारखान्यांचा झाला, आणि जनावराच्या पुढ्यात कडब्याबरोबर उसाचे वाढे पडू लागले. टायरगाडीला जुंपलेले ऊसतोड कामगारांचे बैल हंगामात दिसतात, पण नांगराचा बैल विरळ झाला. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही या बाजारात भेटतात. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून तरणा आणायचा, ही शेतकऱ्याची जुनी फेरी त्यामुळे तुटली, हे मात्र दोघेही कबूल करतात.

मग खोंडाला लाखांत किंमत येते ती कशाने? शर्यतीने. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बेकायदा ठरवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, तो न्यायालयात अडकला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे उचलून धरले. या नऊ वर्षांचा आलेख बाजारात वाचता येतो. बंदीच्या काळात खिल्लार पाळणारे घटले. परवानगी मिळताच पोरे मोबाइल घेऊन परत आली. शर्यतीत जनावराला त्रास होतो, हा आक्षेप खोटा नाही. मी स्वतः शेपटी पिरगाळताना पाहिली आहे. पण शर्यत काढून टाकली तर ही जात कोण आणि कशासाठी सांभाळणार, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून मला अजून मिळालेले नाही. संकरित गाईच्या डेअरीवाल्याला तिचा उपयोग नाही आणि प्रदर्शनातल्या बक्षिसांवर जात टिकत नाही.

बाजाराच्या कडेला एक दुसरा मुक्काम दिसला. दहा-बारा बिऱ्हाडांचा धनगरांचा वाडा. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. रात्रीपुरती लावलेली जाळी, आत मेंढरे, बाहेर तीन दगडांच्या चुली, दोन-तीन घोडी आणि कुत्री. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. घोडीच्या पाठीवर सगळा संसार असतो. खाली घोंगडी आणि भांडी, वर उलटी बांधलेली बाज, बाजेच्या पायांत अडकवलेली डालगी आणि त्यांत कोंबड्या, कधी चालू न शकणारे कोकरू, कधी तान्हे मूल. आमच्या मित्राने सामान हलू नये म्हणून व्हॅनमध्ये जे कप्पे करून घेतले, त्यांचे हे मूळ.

आणि या फिरत्या घराचे अर्थशास्त्र तर आमच्याहून सरस आहे. आम्ही जागा वापरल्याचे पैसे देतो. धनगर जागा वापरल्याचे घेतो. शेतकरी त्याला बोलावून मोकळ्या रानात मेंढरे बसवतो. रात्रभर पडणाऱ्या लेंड्या आणि मूत हे त्याचे खत. त्या बदल्यात धान्य किंवा रोख ठरते. दोन रात्री या रानात, दोन त्या. कॅरॅव्हॅनच्या सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावायची, यावर धोरणांत परिच्छेदच्या परिच्छेद असतात. इथे तीच विल्हेवाट विकली जाते. व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातल्या माडगूळचे. 'बनगरवाडी' वाचताना ज्यांना मेंढरांचा वाडा म्हणजे रम्य देखावा वाटला असेल, त्यांनी रात्री अकरा वाजता मेंढीचा मुत्राळ वास घ्यावा आणि सकाळी त्या रानाचा भाव विचारावा.

तिसरा मुक्काम मला त्या रात्री दिसला नाही, पण आबांनी सांगितला. ते आता आमच्यावर जरा प्रसन्न झाले होते. २०१९ च्या उन्हाळ्यात ते स्वतः तीन महिने चारा छावणीत राहिले होते. आदल्या वर्षी पाऊस हुकला; सांगोला, मंगळवेढा, माण, आटपाडी या पट्ट्यात रान करपले आणि सरकारने छावण्या उघडल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये अनुदान, पुढे ते १०० झाले. लहान जनावराला निम्मे. छावणी चालवणाऱ्याने त्यात हिरवा चारा, पेंड, पाणी पुरवायचे. घरातला एक माणूस जनावरांजवळ राहायचा, बहुधा म्हातारा, कारण तरण्याला रोजगार बघायचा असतो. बाकीचे घरून डबा पाठवायचे. मेणकापडाचे छत, बाज, रेडिओ, मोबाइल चार्जिंगच्या एका बोर्डाला वीस वायरी. रोज जनावराच्या कानाचा बिल्ला स्कॅन करून हजेरी. "माणसांची कुणी मोजली न्हाईत," आबा म्हणाले, "पर म्हशीची हजेरी चुकली न्हाय." माणसाने जनावरासाठी घर सोडून राहायचे, असा हा मुक्काम. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली पिढी छावणीत पुन्हा एकदा गोळा झाली होती. पाऊस पडल्यावर उठून गेली.

सांगोल्याने पाण्यासाठी बराच काळ हातपाय मारले आहेत. इथून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख आयुष्यभर तोच विषय बोलत राहिले. मधल्या काळात डाळिंबाने तालुक्याला पैसा दाखवला. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे इथून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. पुढे खोडकिड्याने बागा पोखरल्या. बाग उपटली की पुन्हा दावणीला गाय येते, असे त्या रात्री दोघांनी सांगितले. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, डाळिंबाचा नाही.

तळाचा खरा अभ्यास करायचा असेल, तर सांगोल्याहून तीस-बत्तीस किलोमीटरवर पंढरपूर आहे. आषाढीच्या आधी वाखरीला पालख्या एकत्र येतात. प्रत्येक दिंडीबरोबर ट्रक असतो. खाली भांडी, सिलिंडर, तंबूचे खांब, वर माणसे, मागे पाण्याचा टँकर. कित्येक दिवस रोज नवा तळ, रोज शेकडोंचे जेवण, आणि पहाटे चारला सगळे पुन्हा ट्रकात. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्यांवर न्यायालयाने बंधने घातली, तेव्हा नदीपल्याड ६५ एकरांचा तळ तयार केला गेला. नाव भक्तिसागर, पण लोक नुसते पासष्ट एकर म्हणतात. आखलेले प्लॉट, नळ, विजेचे खांब, शौचालये, पोलीस, दवाखाना. जे २०२१ च्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्क म्हणून लिहिले आहे, ते इथे दरवर्षी लाखोंसाठी चालते, फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही. उरलेल्या वर्षात या तळाचा थोडा भाग आमच्यासारख्या गाड्यांना भाड्याने द्यायला काय हरकत आहे, असे मला वाटून गेले. मग वाटले, नको. पहिल्याच वर्षी कुणीतरी तिथे गाणी लावेल.

सकाळी दहाच्या सुमारास बाजार ओसरू लागला. आम्ही टाकी भरून घ्यायला हौदाकडे गेलो. तिथे जनावरांची रांग होती, म्हणून आम्हीही रांगेत लागलो, एका पंढरपुरी म्हशीच्या मागे. पाणी खारट. चहाला नको, हातपाय धुवायला ठीक.

निघताना आबा पुन्हा दिसले. त्यांनी एक दोनदाती खोंड घेतला होता. कोरी वेसण, गळ्यात नवा कंडा, शिंगांना तेल. टेम्पोच्या फळीवर तो चढत नव्हता. पुढून कासरा, मागून दोघांचे खांदे, आणि खोंड फळीवर एक पाय ठेवून विचार करत उभा. शेवटी कुणीतरी हौद्यात कडब्याची पेंडी सोडून टाकली आणि तो आपण होऊन आत गेला. आबांनी फळी लावली, घाम पुसला आणि आमच्या गाडीभोवती पहिल्यांदाच नीट एक चक्कर मारली. चाके पाहिली. मागचे दार उघडून आतले पलंग पाहिले. मग टाचा उंचावून टपावरचे कॅरिअर हाताने हलवून बघितले.

"वर साठ पेंड्या आरामात बसतील," ते म्हणाले. "मंगळवेढ्यावरनंच जाणार हाईसा न्हवं?"